इशूचा डोळा चुकवून

आमच्या घरातून सकाळी कोणी जात नसे, सगळे निसटत. मारतहळ्ळीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये डब्यांची गडबड संपली की हा चोरीचा मामला सुरू व्हायचा. इशूला सांभाळणारी रत्नाक्का त्याला कडेवर घेऊन मागच्या गॅलरीत जायची आणि जुन्या विमानतळाकडे उतरणारं एखादं विमान दाखवत "नोडु, नोडु" करायची. तो विमान बघेपर्यंत इकडे आई चपला हातात धरून अनवाणी पायांनी लिफ्टपाशी पोचलेली असायची. बाबांची तऱ्हा त्याच्याही पुढची. किल्ल्या वाजू नयेत म्हणून ते जुडगा रुमालात गुंडाळून खिशात ठेवत आणि लिफ्टच्या दाराचा आवाज होतो म्हणून जिन्याने उतरत. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात शंभर माणसांना दमात घेणारा हा गृहस्थ स्वतःच्या पावणेदोन वर्षांच्या मुलाला असा टरकून असे. मूल रडू नये म्हणून त्याचा डोळा चुकवून निघायचं, ही काही आमच्याच घरची रीत नव्हती. वरच्या मजल्यावर तेच, समोरच्या तेलुगू कुटुंबात तेच, पुण्याच्या आजोळीही तेच. त्याला कोणी खोटेपणा म्हणत नसे. न रडवता सटकता आलं की उलट कौतुकच व्हायचं.

गॅलरीतून परत आल्यावर इशू आईला शोधायचा. दाराआड बघायचा, मोरीत डोकावायचा, वॉशिंग मशीनचं झाकण थोपटायचा. मग दाराशी फतकल मारून बसायचा आणि रडायचा. ते रडणं जेवणापर्यंत चालतं, असं रत्नाक्का सांगायची. आई तोवर आपल्या टेक पार्कात पोचलेली असायची, तिला ते ऐकू येत नसे. त्यामुळे तिच्या लेखी तो रडतच नव्हता.

मी तेव्हा आठवीत होते. त्या वयात माणसाला आपलं सगळंच बरोबर वाटतं, हे खरं. पण या एका बाबतीत माझं खरोखर बरोबर होतं, असं मी आज इतक्या वर्षांनीही म्हणेन. मी इशूला सांगून जायची. दप्तर पाठीला लावून त्याच्यासमोर उकिडवी बसायची आणि म्हणायची, "इशू, ताता शाळेला चालली. पिवळी बस. संध्याकाळी येते." तो मला ताता म्हणायचा. ताई म्हणण्याचा तो त्याचा प्रयत्न असावा. माझं ऐकून झालं की तो म्हणायचा, "बेडा." नको हा शब्द तो रत्नाक्काकडून शिकला होता, त्यामुळे आमच्या मराठी घरात त्याचा सगळा नकार कानडीत चाले. "बेडा काय, जायलाच लागतं," मी म्हणायची. त्याचे ओठ बाहेर यायचे, डोळे भरायचे, थोडा वेळ रडून व्हायचं, आणि मग तो स्वतः माझं बोट धरून लिफ्टपर्यंत यायचा. लिफ्टचं दार बंद होताना हात हलवायचा. त्यानंतर तो घरात जाऊन डबे वाजवत बसतो, असं रत्नाक्का सांगायची. मला तो कधीच शोधायचा नाही. मी हे आईला एकदा सांगून बघितलं. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "तुझं ठीक आहे गं मनू. तू त्याची आई नाहीस ना."

दुपारचं झोपवणंही सुट्टीच्या दिवशी माझ्याकडेच असायचं. आईपाशी तो प्यायला मागायचा, तो अजून अंगावर प्यायचा, आणि बाबांना अंगाई म्हणता येत नसे. मलाही येत नव्हती. म्हणून मी बसच्या कंडक्टरच्या सुरात रिंग रोडवरचे स्टॉप म्हणायची. मारतहळ्ळी, कार्तिकनगर, दोड्डनेकुंदी, महादेवपुरा, टिन फॅक्टरी. टिन फॅक्टरीनंतर पुन्हा उलटं. तो माझ्या कानाची पाळी चिमटीत धरून ऐकायचा आणि दुसऱ्या फेरीत कधीतरी चिमूट सैल व्हायची. खाली पाण्याच्या टँकरची मोटर घरघरत असायची, शेजारच्या खोलीत आई कोणाला तरी "कॅन यू हिअर मी" विचारत असायची, कुकरची शिट्टी व्हायची, आणि या सगळ्यात ते पोर माझ्यावर भरवसा टाकून गाढ झोपायचं. मला त्याचा फार अभिमान होता.

मग रत्नाक्काच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि ती गावी गेली. "स्वल्प दिवस," म्हणाली, पण परत आली नाही. इशूला पाळणाघरात ठेवून पाहिलं. तिथून तो दर आठवड्याला ताप घेऊन यायचा. आई घरून काम करू लागली, म्हणजे इशू तिच्या मांडीवर आणि लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर. तिच्या मीटिंगमधून "बेडा! बेडा!" ऐकू जायचं. तिला त्याच सुमाराला मोठं पद मिळणार होतं आणि तिचे वरिष्ठ आता हसेनासे झाले होते. आईचे डोळे कायम लाल असत. याच दिवसांत आईबाबांनी एक नवीन टूम काढली. जेवणं झाली की दोघं खाली पार्किंगमध्ये जाऊन आमच्याच उभ्या गाडीत बसत. काचा वर करून बोलत बसत. मी गॅलरीतून बघायची आणि मला वाटायचं, चला, निदान दोघांना एकमेकांसाठी वेळ तरी मिळतोय. मी मैत्रिणींना हे हसत सांगितलंही होतं. घरात चार भिंती असताना माणसं गाडीत जाऊन कशाला बोलतील, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही.

एका रविवारी बाबांनी जाहीर केलं, की आपण सुट्टीत गाडीने समुद्रावर जायचं. वाटेत संकेश्वरला आत्याकडे दोन दिवस मुक्काम, मग आजऱ्यावरून आंबोली उतरून मालवणकडे. मी जागच्या जागी उड्या मारल्या. रस्ता दाखवायचं काम माझं असायचं. बाबा मला 'नकाशावाली' म्हणत. बाबांचा मूळचा गाव संकेश्वर, पण गाडी काढली की त्यांना आमच्या गल्लीतून बाहेर पडायलाही माझा सल्ला लागायचा, निदान मला खूश करायला ते तसं दाखवत. मी फोनवर सगळा मार्ग बघून ठेवला. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगिरी, हुबळी, बेळगाव, संकेश्वर, आणि तिथून पश्चिमेला वळून खाली समुद्र. इशूसाठी प्लास्टिकची बादली आणि फावडं मी माझ्या पसंतीने घेतलं.

तान्ह्याला तरी गाडीत नेता येतं, पण चालता येणाऱ्या मुलाला गाडीत बांधून नेणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. यशवंतपूर यायच्या आतच त्याने एक बूट खिडकीबाहेर टाकला. त्याच्या खुर्चीचा पट्टा त्याला मुळीच मान्य नव्हता. मी मागे त्याच्याशेजारी बसून काकडीच्या चकत्या, मुरमुरे, एक रिकामी बाटली आणि माझा चष्मा असं पाळीपाळीने देत होते. क्यातसंद्र्याला तट्टे इडली खाल्ली. त्याने ती थाळीएवढी इडली दोन्ही हातांनी धरून मध्ये भोक पाडलं आणि त्यातून आम्हा सगळ्यांकडे बघितलं. चित्रदुर्गाच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसू लागल्या तेव्हा तो "फॅन! फॅन!" ओरडत इतका आनंदला, की बाबांनी गाडी कडेला घेतली. आम्ही चौघं उन्हात उभे राहून पंखे बघत होतो. आईने मागून येऊन माझे केस सारखे केले. ती अचानक म्हणाली, "किती करतेस गं तू त्याचं." मला वाटलं, कौतुक करतेय. दावणगिरीला लोणी डोसा झाला, हुबळीजवळ इशूने सगळं दूध खुर्चीवर ओकलं, आणि आम्ही आंबूस वासाच्या त्या गाडीतून ऊन उतरता उतरता संकेश्वरला पोचलो.

आत्या शाळेतून निवृत्त झालेली होती. काका वारल्यापासून एकटीच राहायची. सिमेंटचं बैठं घर, पुढे ओसरी, मागे चिकूचं झाड. ती बाबांहून पुष्कळ मोठी. बाबा तिला अक्का म्हणत आणि तिच्यासमोर त्यांचा आवाजच बदलायचा. "या या, आलासा?" ती फाटकातूनच ओरडली. "वाटंत जेवलासा का न्हाई? मनू केवडी झाली गं! आन् ह्यो बघा, ह्यो मालक!" मालक तिच्याकडे बघून "बेडा" म्हणाले. "बेडा म्हनतोय!" आत्या खदखदून हसली. "कन्नड येतंय की रं तुला!" आणि तिने त्याच्याशी सरळ कानडीत बोलायला सुरुवात केली. रात्री तिने ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, गूळ घालून त्याला भरवली. घरी चार घासांसाठी आम्हाला नाचायला लावणारा हा मुलगा तिच्या हातून वाटीभर जेवला. आई हे दारात उभी राहून बघत होती. मग तिने बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी मान हलवली. ते मान हलवणं माझ्या लक्षात आहे, कारण मला वाटलं होतं, ते मुलगा जेवल्याचं समाधान आहे.

दुसऱ्या दिवशी आत्या माझ्याभोवतीच घुटमळत होती. मला खोबऱ्याची वडी द्यायची, शेंगांचा कूट करताना जवळ बसवायची आणि विचारायची. रात्री किती वेळा उठतोय? पाणी कोमट लागतंय का साधं? कुठल्या कुशीवर झोपतोय? माझ्या आईने कधी मला इतकं विचारलं नव्हतं. मी एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरसारखी सगळं सांगितलं. कानाची पाळी धरतो हेही सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "झोपवताना काय ते म्हनतीस म्हनं? मला शिकीव की." मी तिला स्टॉप शिकवले. तिचं दोड्डनेकुंदी अस्सल कानडी, माझ्यापेक्षा चांगलं. टिन फॅक्टरीला मात्र ती सारखी अडखळायची आणि आम्ही दोघी हसायचो. ओसरीवर बसून, हातातला कूट विसरून, माझ्यामागोमाग ती ते म्हणत होती. माझ्या जागी जी येणार होती तिला मी स्वतः तयार करत होते, आणि ते मला माहीत नव्हतं. तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, "मनू, ह्याला झोपव. मग आपण तिघं निपाणीला जाऊन येऊ. उद्या समुद्राला निघायचं तर डायपर, बिस्किटं, सगळं घ्यायला पाहिजे." मी इशूला घेऊन आतल्या खोलीत गेले. तो त्या दिवशी लवकर झोपला. सकाळभर चिकूच्या झाडाखाली कोंबड्यांमागे पळाला होता. मी हळूच कान सोडवून घेतला. बाहेर येऊन म्हटलं, "उठल्यावर मला शोधेल तो. मी सांगितलेलं नाही त्याला. उठवून सांगू का?" तिघंही एकदम म्हणाले, "नको." मग आई सावरून म्हणाली, "अगं, झोपू दे ना. तासाभरात येतोय आपण." तिने हे माझ्याकडे न बघता म्हटलं. आमच्या बॅगा बाबांनी उद्याची तयारी म्हणून सकाळीच डिकीत भरल्या होत्या. इशूची गाडीतली खुर्ची ओसरीवर होती. ओकल्यामुळे धुवून वाळत घातलेली, म्हणून त्यातही मला काही वाटलं नाही. आई स्वतःहून मागे बसली. "बस तू पुढे. किती दिवस म्हणत होतीस," म्हणाली. पुढच्या जागेवर बसून मी पट्टा लावला तेव्हा मला जो आनंद झाला, त्या आनंदाचा मला अजून राग येतो.

मी फोन हातात घेतला तर बाबा म्हणाले, "आज मॅप नको. ओळखीचा रस्ता आहे." हायवेला लागताना गाडी डावीकडे न जाता उजवीकडे वळली. "बाबा, निपाणी तिकडे," मी म्हटलं. "होय की. पुढून वळू." पुढचं वळण गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. "बेळगावलाच जाऊ," बाबा म्हणाले. "तिथं चांगलं मिळतं." मी मागे वळून बघितलं. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिने पदर छातीशी गच्च धरला होता. मी म्हटलं, "आई, बेळगावला जाऊन यायचं म्हणजे तो केव्हाच उठेल." मी बाबांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "अक्का आहे ना."

टोलनाक्यावर गाड्यांची रांग होती. तिथे फोन वाजला. बाबांचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असायचा, कारखान्याचे कॉल चालवता चालवता घ्यावे लागत म्हणून. सवयीने त्यांचा अंगठा स्टिअरिंगवरच्या बटणावर गेला, आणि आत्याचा आवाज सगळ्या गाडीत भरला.

"सदा, कुठवर गेलासा? उठला रं ह्यो. ताता ताता करत साऱ्या खोल्या हुडकल्या. न्हाणीत बघितलं, कपाटामागं बघितलं. आता दारात बसलाय. पर तुमी मागं फिरू नकासा बरं का. एकदा फिरलासा की परत पयल्यापास्नं. चार दिस रडंल, मग इसरंल. पोरांचं आसंच आसतंय. मनूला सांगितलासा का न्हाई अजून?"

मागे इशूचं रडणं ऐकू येत होतं. बाबांचा हात बटणाकडे गेला, पण त्याआधी मी जितक्या जोरात ओरडता येईल तितक्या जोरात ओरडले, "इशू! मी येते! इशू, ताता येते!" रडणं थांबलं. एकदम स्पष्ट, जवळून, जणू मागच्या सीटवरून, त्याचा आवाज आला, "ताता?" आणि बाबांनी फोन बंद केला.

मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला. गाडी टोलमधून पुढे सरकली. मी पट्टा काढला, दार उघडायला गेले, ते बाबांनी आधीच लॉक केलेलं होतं. मी त्यांच्या दंडावर मारलं. ते समोर बघत म्हणाले, "मनू, चालवू दे मला. बाळा, वर्षभराचाच प्रश्न आहे. आईची नोकरी सुटेल. अक्का किती करते बघितलंस ना?" मी विचारलं, "आणि समुद्र?" बाबा म्हणाले, "पुढच्या सुट्टीत नक्की जाऊ." त्यांना वाटलं, मी समुद्रासाठी रडतेय. मी विचारत होते की त्यातलं काहीतरी खरं होतं का.

धारवाडला एका हॉटेलपाशी थांबलो. बाबा चहा सांगायला गेले आणि आई मला घेऊन बाथरूमकडे गेली. तिचा ब्लाउज पुढून पूर्ण भिजला होता. इशूच्या पिण्याची वेळ टळून गेली होती. ती वॉशबेसिनपाशी वाकून उभी राहिली आणि हुंदके देऊन रडली. मी तिच्याजवळ गेले नाही. मी दारापाशीच उभी राहून म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" तिने तोंडावर पाणी मारलं, आरशात माझ्याकडे बघितलं आणि खरं तेच सांगितलं. त्या अख्ख्या प्रवासात ती पहिल्यांदा माझ्याशी खरं बोलली. "तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस. आणि मग माझ्याच्याने निघवलं नसतं."

आईबाबा वाईट माणसं होती, असं कोणी यावरून समजू नये. आमच्या बिल्डिंगमध्ये कितीतरी घरांची मुलं अशी गावाकडे वाढत होती आणि चांगली वाढली. आत्याने इशूचं जे केलं ते आमच्यापैकी कोणाला जमलं नसतं. आईला ते पद मिळालं, आमचं घर त्यावर उभं राहिलं, माझं शिक्षण त्यावर झालं. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं असं नाही, पण आता कळतं. आईबाबा दोघंही आता नाहीत. तरीही माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला फारसं वाटतही नाही. त्यांनी इशूला आत्याकडे ठेवलं याचा तो राग नाहीच. मला सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, आणि मग त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याला सांगितलं असतं. त्याला लिफ्ट नाही तर फाटकापर्यंत येऊन हात हलवता आला असता. ते त्यांनी आम्हा दोघांकडून काढून घेतलं, आणि त्याला झोपवायला मात्र मलाच बसवलं.

घरी आल्यावर धारवाडच्या पेढ्यांचा खोका टेबलावर तसाच पडून राहिला, शेवटी त्याला मुंग्या लागल्या. पुढे बाबा गाडी काढताना सवयीने फोन माझ्यापुढे धरत. मी तो घेत नसे. एक-दोन महिन्यांनी त्यांनी पुढे करणं सोडलं. व्हिडिओ कॉल करायचा नाही, अशी आत्याची सक्त ताकीद होती. तोंड दिसलं की पोराला आठवण होते म्हणे. फक्त फोटो यायचे. आई ते दाखवायला आली की मी पुस्तकात तोंड घालायची, आणि ती आंघोळीला गेली की तिचा फोन उघडून एकेक फोटो मोठा करून बघायची. तो उसाच्या मोळीवर बसलेला, तो कोंबडी धरून उभा, तो आत्याच्या कडेवर. सगळ्यांत हसरा. मी येते म्हणून ओरडले होते त्याला, आणि मला कोणी नेत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला शाळेत घालायचं म्हणून परत आणायला गेलो. तो फाटकात उभा होता, उंच झालेला, ओठांवर दुधाची मिशी. त्याने आम्हाला नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "तुमी कोन?" आई तिथेच खाली बसली. मी म्हटलं, "मी मनू." ताता मी म्हटलं नाही, मला ते म्हणवलं नाही. दोन दिवसांत तो आमच्यात रुळला. आईच्या हातून जेवला, बाबांच्या खांद्यावर बसला, मला सगळ्या कोंबड्यांची नावं सांगितली. बंगळूर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि कोणी सांगतही नव्हतं.

निघायच्या दिवशी दुपारी आत्याने त्याला मांडीवर घेतलं. सामान गाडीत गेलेलं होतं. बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "अक्का, झोपला की तसाच गाडीत ठेवू. हुबळीपर्यंत कळायचं पण नाही त्याला." आत्या थोपटत होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाज नव्हता. पोर उठेल म्हणून ती नाकसुद्धा ओढत नव्हती. आई चपला हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. इशूचे डोळे मिटले. बाबांनी त्याला उचलायला हात पुढे केले.

मी त्यांच्या आधी जाऊन गुडघ्यांवर बसले आणि त्याला हलवून उठवलं.

"मनू!" आई दारातून ओरडली.

"इशू, ऊठ. माझ्याकडे बघ," मी म्हटलं. "आपण आता गाडीतून बंगळूरला चाललोय. तिथं आपलं घर आहे. आत्या येणार नाही. ती इथंच राहणार."

त्याने डोळे चोळले. माझ्याकडे बघितलं, मग मान उलटी करून आत्याकडे. "आत्या, ही काय म्हनती?"

बाबा आत्याकडे बघून मानेने नको नको करत होते. आत्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने पदराने नाक पुसलं, मोठ्याने, आणि म्हणाली, "खरं सांगती बाळा. जायाचं हाय तुला."

मग जे झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. त्याने आत्याच्या लुगड्याला मिठी मारली, ती मिठी सोडवायला गेलेल्या माझ्या मनगटाला तो चावला, आत्या त्याला कवटाळून गळा काढून रडली. त्याचे मुके घेतले, त्याला कुंकू लावलं, त्याच्या खिशात चिकू कोंबले, फाटकापर्यंत त्याला स्वतः उचलून आणलं आणि स्वतःच्या हातांनी माझ्या मांडीवर दिलं. गाडी वळेपर्यंत ती रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि तो मागच्या काचेवर हात आपटत होता.

टोलनाका गेला तरी तो रडतच होता. "समाधान झालं तुझं?" आई पुढून म्हणाली. "झोपेत नेला असता तर निदान एवढं तरी..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. इशू माझ्या मांडीवर उभा राहून दोन्ही मुठींनी माझ्या तोंडावर, छातीवर, लागेल तिथे मारत होता. "तू वाईट हाईस! तू सांगितलीस!"

"हो. मीच सांगितलं," मी म्हणत होते.

"दे त्याला इकडे," आईने मागे वळून हात पुढे केले.

मी दिला नाही. या वेळी कोणाला मारायचं ते त्याला ठाऊक होतं, आणि मी त्याच्या समोर होते.